आजीचं अकरा तासांचं बोलणं आणि सहा मिनिटांचा ॲनिमेशनपट

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी लॉस एंजेलिसमध्ये ॲनिमेशन शिकते. माझी वर्गमैत्रीण आणि तिची धाकटी बहीण मेक्सिकन-अमेरिकन आहेत, मूळ घर टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं. त्यांची आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या बोलण्याचं अकरा तासांचं रेकॉर्डिंग आहे, काही फोनवर, काही जुन्या कॅसेटवर. त्यावरून सहा मिनिटांचा ॲनिमेशनपट करायचा आहे, चित्रांची बाजू माझ्याकडे आहे. आजीची आई पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) सोलायच्या कारखान्यात होती आणि १९३८चा संप तिने पाहिला, ही मुख्य गोष्ट. पण थोरलीला आजीने सांगितलं की पणजी संपात तुरुंगात गेली, आणि धाकटीला सांगितलं की ती घरीच बसून होती. दोघींचं यावरून रोज वाजतं. खरं कोणतं धरायचं? आणि सुरुवात कुठून करायची?" सोबत दीड मिनिटाचा आवाज आणि त्यावर केलेली ॲनिमेशनची चाचणी पाठवली आहे.

तुझी चाचणी मी चार वेळा पाहिली. मग स्क्रीनकडे पाठ करून नुसता आवाज ऐकला. आधी त्याबद्दलच सांगते, कारण तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला तिथेच सापडली.

तू आजीला टॉर्टिया करताना दाखवलं आहेस. हात सुरेख हलतात, वजन बरोबर आहे. पण ती टॉर्टिया थापते आहे, आपण भाकरी थापतो तशी, दोन तळव्यांत फिरवत. आवाजात काय आहे? लाकडी टेबलावर लाटणं फिरल्याचा आवाज, मध्येच एक ठक, पुन्हा फिरणं. मक्याची टॉर्टिया हातावर थापतात हे खरं, पण टेक्सासच्या मेक्सिकन घरांत रोजची टॉर्टिया बहुतेक मैद्याची असते आणि ती लाटतात. त्या लाटण्याला ते पालोते म्हणतात. तुझ्या हातांना आपल्या घरची भाकरी आठवली आणि कानाने ऐकलेलं हाताने पुसून टाकलं. हे प्रत्येकाचं होतं, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं जास्त होतं. तो तुकडा पुन्हा कर. तो 'ठक' म्हणजे लाटणं टेबलाच्या कडेला ठेवल्याचा आवाज आहे असं मला वाटतं, बहिणींना विचारून घे. त्यानंतरच ती "मिहा" म्हणून नातीला हाक मारते आणि मनापासून बोलायला लागते. म्हणजे हात थांबले की गोष्ट सुरू होते. ही तुझ्या सिनेमाची पहिली चाल आणि ती आजीनेच देऊन ठेवली आहे.

म्हणून सुरुवात स्टोरीबोर्डपासून, म्हणजे प्रसंगांच्या कच्च्या चित्रांच्या मांडणीपासून, करू नका. सहा मिनिटांचा आवाज आधी पूर्ण तयार करा. काळ्या पडद्यावर तो ऐकताना अनोळखी माणूस शेवटपर्यंत बसून राहिला पाहिजे. तोवर एकही पक्कं चित्र काढायचं नाही. अमेरिकेत या पद्धतीचा सगळ्यांत ओळखीचा नमुना म्हणजे स्टोरीकॉर्प्स ही संस्था. २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी पहिलं रेकॉर्डिंगचं बूथ टाकलं. दोन ओळखीची माणसं आत बसून साधारण ४० मिनिटं बोलतात आणि ते बोलणं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलं जातं. २०१० पासून त्यातल्या निवडक तुकड्यांवर त्यांनी छोटे ॲनिमेशनपट काढले. सुरुवातीचे राउच आडनावाच्या दोन भावांनी केले. त्यांतला रामोन 'चंकी' सांचेझ या चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, गायकाच्या आठवणीवरचा जरूर बघा. कॅलिफोर्नियातल्या ब्लाइथ गावच्या शाळेत शिक्षक मेक्सिकन मुलांची नावं इंग्रजी करून टाकत, रामोनचा रेमंड होई. मग वर्गात फाकुंदो नावाचा मुलगा आला आणि त्या नावाचं इंग्रजीत करायचं काय, असा पेच शिक्षकांपुढे पडला. एक वर्ग, एक नवा मुलगा. बाकी कुटुंबाचा इतिहास, सीमा, मजुरी यातलं काही सांगायची गरजच पडत नाही. तुमच्या अकरा तासांतूनही एवढाच एक वर्ग शोधायचा आहे.

शोधायचा कसा? सगळं बोलणं उतरवून काढा, शब्दन् शब्द, वेळेच्या नोंदीसह. तुला स्पॅनिश येत नाही, म्हणून शेजारी इंग्रजी अर्थ हवाच, पण स्पॅनिश ओळीचा क्रम मोडू नका, नाहीतर कोणत्या शब्दावर आवाज चढला ते तुला कळणार नाही. हे काम यंत्राकडून करून घेतलंत तरी एकदा दोघी बहिणींनी ऐकत ऐकत हाताने दुरुस्त करायलाच हवं. टेक्सासच्या आजीच्या बोलण्यात 'त्रोका' म्हणजे ट्रक आणि 'लोंचे' म्हणजे डबा असणार, यंत्र ते शुद्ध करून टाकेल आणि आजी निघून जाईल. मग तो मजकूर कागदावर छापा, कात्रीने कापा, भिंतीवर चिकटवा. चांगली वाक्यं शोधू नका. जिथे आवाज बदलतो, वेग बदलतो, ती एका भाषेतून दुसरीत जाते, त्या जागांवर खूण करा. अकरा तासांत अशा जागा तीस-चाळीसच्या वर निघत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

कॅसेटचं आजच बघ. पट्टी जुनी असेल तर ती पुन्हा पुन्हा वाजवू नका. चांगल्या यंत्रावर एकदाच, ९६ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटला, कॉम्प्रेस न केलेल्या फाइलमध्ये उतरवून घ्या. तीन प्रती, तीन वेगळ्या ठिकाणी. आणि मूळ फाइलवर 'गोंगाट काढा'चं बटण कधीही दाबायचं नाही. तुझ्या तुकड्यात मागे तवा आहे, रस्त्यावरून गाडी गेली आहे, कुणीतरी दार लावलं आहे. ती खोली आहे. ती गेली तर आजी स्टुडिओत बसल्यासारखी वाटेल.

आता मोठा प्रश्न, दोन हकीकतींचा.

आधी त्या काळाबद्दल, कारण बहिणींनाही तो तुकड्यातुकड्यानेच माहीत असेल. पेकन हा टेक्सासचा राज्यवृक्ष, आणि तीसच्या दशकात सॅन अँटोनियो हे पेकन सोलण्याच्या धंद्याचं मोठं केंद्र होतं. पश्चिम भागातल्या वस्तीत शेकडो लहान-मोठ्या शेडमध्ये बाया, पुरुष, पोरं लांब टेबलांना बाकं लावून दाटीवाटीने बसत आणि हाताने पेकन फोडून गर काढत. हवा खेळायला जागा नाही, टरफलांची बारीक तपकिरी धूळ छातीत जाई, वस्तीत क्षय होताच. मजुरी पौंडावर, सहा-सात सेंट. आठवड्याला हातात दोन-तीन डॉलर. तीही कापली तेव्हा ३१ जानेवारी १९३८ला सुमारे १२,००० कामगार बाहेर पडले. पुढे उभी राहिली एम्मा तेनायुका, वय २१. अश्रुधूर झाला, शेकडो जणांना पकडलं. शेवटी लवादाने थोडी वाढ दिली, आणि त्याच वर्षी ताशी २५ सेंट किमान वेतनाचा संघराज्याचा कायदा आला. तो लागू झाल्यावर मालकांनी पुन्हा यंत्रं आणली आणि हजारोंची कामं गेली.

त्याच दशकात दुसरं एक चालू होतं, ते विसरलात तर आजीच्या दोन हकीकती कधीच उलगडणार नाहीत. मंदीत मेक्सिकन वंशाच्या लाखो माणसांना, त्यात जन्माने अमेरिकन असलेलेही खूप, दमदाटीने किंवा गोड बोलून गाडीत बसवून मेक्सिकोला रवाना केलं गेलं. तू राहतेस त्याच शहरात, ला प्लासिता चौकात, २६ फेब्रुवारी १९३१ला चारही बाजूंनी लोकांना अडवून सुमारे ४०० जणांचे कागद तपासले. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल कायदा करून माफी मागितली ती २००५ साली. एकदा त्या चौकात जाऊन बस, स्केचबुक घेऊन. मग विचार कर: १९३८ला पकडली गेलेली बाई घरी येऊन आपल्या मुलीला काय सांगेल? "मी गेलेच नव्हते, कुणी विचारलं तर मी घरीच होते," असं सांगेल की नाही? आणि ती मुलगी म्हातारी झाल्यावर तिच्या डोक्यात दोन्ही वाक्यं असतील, घडलेलं आणि सांगायचं ठरलेलं.

हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण तुझ्या निरोपात एक गोष्ट ओझरती आली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते: थोरलीशी आजी स्पॅनिशमध्ये बोलायची, धाकटीशी इंग्रजीत. म्हणजे तुरुंगाची हकीकत स्पॅनिशमधली आहे आणि घरी बसल्याची इंग्रजीतली. १९१८पासून टेक्सासमध्ये शाळेत इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हा होता, स्पॅनिश बोललेल्या पोरांना छड्या बसत. पश्चिम टेक्सासच्या मार्फा गावातल्या ब्लॅकवेल शाळेत १९५४ साली तर मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून घेतलं आणि 'मिस्टर स्पॅनिश'चं दफन केलं, खरोखर खड्डा खणून, झेंड्याच्या खांबाजवळ. अशा राज्यात वाढलेल्या बाईची इंग्रजी ही बाहेरच्या लोकांसमोर बोलायची भाषा होती. त्या भाषेत तिची आई घरीच बसलेली असणार. नातीवर तिचा विश्वास कमी होता असा याचा अर्थ कुणी लावू नये, धाकटीला हे मुद्दाम सांग. बिचारीला ते लागलं असणार.

तेव्हा खरं कोणतं धरायचं, याचं माझं उत्तर: दोन्ही ठेवा, आणि भाषेसकट ठेवा. कुठलंही एक निवडलंत की सिनेमा संपाबद्दलचा होईल, आणि संपाबद्दल तुमच्याकडे आजीच्या तोंडच्या ऐकीव चार वाक्यांपलीकडे काही नाही. दोन्ही ठेवलंत तर तो एका आईने मुलीला आणि मुलीने नातींना काय सांगितलं याबद्दलचा होईल, आणि त्याचं अकरा तासांचं रेकॉर्डिंग तुमच्याजवळ आहे. मौखिक इतिहासाच्या अभ्यासात आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाचं एक काम सगळे शिकतात. तेर्नी गावचा लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद कामगार १७ मार्च १९४९ला नाटोविरोधी निदर्शनात मारला गेला. पण गावातले कितीतरी लोक शपथेवर सांगत की तो १९५३च्या कामगारकपातीच्या दंगलीत गेला. पोर्तेल्लीने त्यांना खोटं ठरवलं नाही. माणसं ही तारीख का सरकवतात, असं विचारलं. तुमची आजी तुकड्यात म्हणते की संपाच्या दिवसांत उकाड्याने जीव जात होता. संप सुरू झाला जानेवारीअखेर. उकाडा चित्रात ठेव. घामाने भिजलेल्या बाया काढ, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फेब्रुवारी. काही बोलू नका, बघणारा बघेल.

ॲनिमेशनची मोठी सोय इथेच आहे. कॅमेऱ्याने टिपलेलं माणूस 'घडलं' असं धरून बसतो. हाताने काढलेली रेघ 'कुणीतरी सांगितलं' असं आपोआप म्हणते. एकाच टेबलाशी पणजीची जागा एकदा भरलेली आणि एकदा रिकामी दाखवता येते. स्पॅनिशमध्ये रेघ एका हाताची, इंग्रजीत दुसऱ्या हाताची. थोरली आणि धाकटी दोघींनाही चित्र काढता येत असेल, अगदी कच्चं का असेना, तर आपापल्या हकीकतीतली पणजी त्यांनी स्वतः काढावी आणि तू दोन्ही सांधावीस. मला हा विचार सुचला तेव्हापासून मी तोच डोळ्यांपुढे बघते आहे.

गप्प बसण्याबद्दल मला स्वतःचं एक सांगायचं आहे. खूप वर्षांपूर्वी मी लालबागच्या एका खानावळवाल्या बाईंच्या आवाजावर छोटा ॲनिमेशनपट केला. १९८२च्या गिरणी संपात त्या गिरणगावात पन्नास माणसांचा डबा करायच्या. संप लांबला, उधारीची वही भरत गेली. त्या वहीबद्दल बोलता बोलता त्या मध्येच नऊ सेकंद गप्प होत्या. मी ते दोन सेकंदांवर आणलं आणि चित्रात डोळे पाणावलेले दाखवले. सिनेमा त्यांच्या मुलीला दाखवला. ती म्हणाली, "आई इथे रडली नव्हती. ती मोजत होती. कोण कोण परत आलं नाही ते." मी घरी येऊन मूळ फाइल ऐकली. नऊ सेकंदांत बोटं वाजत होती, अंगठा एकेका पेरावर, अगदी बारीक. मी तो आवाज गोंगाट म्हणून काढून टाकला होता. ती बाई तोवर गेली होती, सिनेमा लागून गेला होता. त्यानंतर मी कुणाच्याही बोलण्यातलं मौन त्या माणसाच्या घरच्यांना ऐकवल्याशिवाय कापलेलं नाही. तुझ्या दीड मिनिटात एक्केचाळिसाव्या सेकंदाला आजी थांबते. तिथे काय चाललं आहे ते बहिणींना विचार.

चित्रांसाठी संदर्भ भरपूर आहे. फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकन सरकारी खात्यासाठी रसेल ली या छायाचित्रकाराने १९३९मध्ये सॅन अँटोनियोतल्या पेकन कामगारांचे फोटो काढले, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि वापरायला मोकळे आहेत. टेक्सास विद्यापीठाच्या सॅन अँटोनियो शाखेकडे 'सॅन अँटोनियो लाइट' या जुन्या वर्तमानपत्राचे फोटो आहेत. बाकं किती उंच, कोपर कुठे टेकतो, डोक्याला काय बांधलं आहे, दिवा कुठे लटकतो, हे तिथून घे. चेहरे मात्र उचलू नकोस. ते कुणाच्या तरी दुसऱ्याच्या पणज्यांचे आहेत. आणि कवट्या, झेंडूची फुलं, कातरलेले रंगीत कागद, निवडुंग यातलं काहीही आजीच्या तोंडी आल्याशिवाय चित्रात येता कामा नये. तिच्या बोलण्यात गाडी धुवायची बादली असेल तर बादली काढ. रंगासाठी एक सुचवते: पेकनची टरफलं उकळून तपकिरी रंग निघतो. तो कागदावर उतरवून बघा. शेडमधली धूळ त्याच रंगाने करता आली तर फारच छान.

तोंड हलवून दाखवायच्या भानगडीत पडू नका. दोन भाषा, मध्येच बदलणाऱ्या, त्यात ओठ जुळवण्यात तुझे दोन महिने जातील आणि लोक ओठच बघत बसतील. हात दाखव. तिच्या आवाजावर दुसऱ्या कुणाचा आवाज चढवू नका, भाषांतर पडद्यावर अक्षरांत येऊ दे, आणि ती अक्षरं तूच हाताने काढ, म्हणजे ती चित्राचाच भाग होतील.

हिशोब एकदा मांडून घे. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद, सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम). एक चित्र दोन चौकटी धरलंस तरी सेकंदाला १२, म्हणजे ४,३२० चित्रं. तिघी मिळून दिवसाला २४ पक्की चित्रं होत असतील तर १८० दिवस, सुट्टी न घेता. म्हणून स्थिर चित्रांना घाबरू नका. आजी बोलते आहे आणि पडद्यावर पाच सेकंद नुसतं लाटणं पडलं आहे, हे चालतं. हालचाल तीन-चार जागांसाठी राखून ठेवा आणि तिथे मात्र हात आखडू नका.

बहिणींच्या मामाबद्दल तू लिहिलं आहेस की पणजी कागदपत्रांशिवाय नदी ओलांडून आली हा भाग त्यांना नको आहे. मग तो घेऊ नका. आजी नाही, तिने कुठल्या कागदावर सही केलेली नाही, तेव्हा आता परवानगी तिच्या मुलांची. आई आणि मामा दोघांना बसवून सहा मिनिटांचा आवाज ऐकवा, लेखी घ्या, आणि मूळ अकरा तास कुठे राहणार, कुणाला ऐकता येणार हेही त्यातच लिहा. चित्रपट 'फ्ली' २०२१ साली आला तेव्हा अफगाणिस्तानातून पळालेल्या माणसाची ओळख लपवायला त्यांनी ॲनिमेशन वापरलं, हे उदाहरण तुझे शिक्षक देतील. पण चेहरा लपला तरी आवाज लपत नाही. पश्चिम भागातली सगळी गल्ली तुमच्या आजीचा आवाज ओळखते. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून दोघी बहिणींची नावं एकाच ओळीत, आणि 'कथन' म्हणून आजीचं नाव त्याआधी.

शेवटचं, आणि हे लगेच करायचं आहे. तू लिहिलं आहेस की आजीचं घर पुढच्या महिन्यात विकायला निघतं आहे. बहिणींना म्हणावं त्याआधी एकदा सॅन अँटोनियोला जा. स्वयंपाकघरात रेकॉर्डर त्याच टेबलावर ठेवा, जिथे फोन असायचा तिथेच. सगळे बाहेर जा. दार लावा आणि दहा मिनिटं चालू राहू द्या. मग आत येऊन ते लाटणं घ्या, टेबलावर फिरवा, कडेला ठेवा. दोघींनी वेगवेगळं, चार-पाच वेळा.